सहा गॉब्लिन, एक ओगर आणि लढाईचा हिशेब

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, प्रत्येकाने एक पात्र घेऊन फाशांनी गोष्ट खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी म्हणजे गोष्टीतले सहा सेकंद. टेबलावर तीच फेरी दहा-बारा मिनिटं खाते. चार खेळाडूंनी प्रत्येकी दोन मिनिटं घेतली आणि डीएमने (डन्जन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) शत्रूंसाठी तीन घेतली, की अकरा मिनिटं झालीच. चार फेऱ्यांची लढाई म्हणजे पाऊण तास. यातला बराच वेळ डावपेच ठरवण्यात जात नाही. 'आता कोणाची पाळी?', 'डावीकडच्या गॉब्लिनला मघाशी किती लागलं होतं?', 'ब्लेस मंत्र अजून चालू आहे ना?' यातच तो जातो. संगणकाकडे सोपवायचा तो एवढाच भाग.

एकच लढाई घेऊन बोलू. तिसऱ्या लेव्हलची चार पात्रं, समोर सहा गॉब्लिन आणि एक ओगर. २०१४ च्या, म्हणजे या आवृत्तीच्या मूळ नियमांत गॉब्लिनचे हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा) ७ आणि आर्मर क्लास (हल्ला लागायला फाशाने गाठायचा आकडा) १५, ओगरचे ५९ आणि ११.

तयारी करताना लढाई किती अवघड ते मोजणारा एन्काउंटर कॅल्क्युलेटर उघडला जातो, आणि पहिला घोळ तिथेच होतो. सहा गॉब्लिनचे प्रत्येकी ५० एक्सपी (अनुभवाचे गुण) आणि ओगरचे ४५०, एकूण ७५०. २०१४ च्या पद्धतीत सात शत्रू असले की ही बेरीज अडीचपट धरायची, म्हणजे १८७५. या चौघांसाठी 'डेडली'ची, म्हणजे जीवघेण्या लढाईची रेषा १६०० वर आहे, त्यामुळे कॅल्क्युलेटर लाल दिवा दाखवतो. २०२४ च्या सुधारित डन्जन मास्टर्स गाइडमध्ये तो गुणक काढून टाकला आहे. तिथे ७५० हा आकडा 'लो'च्या ६०० आणि 'मॉडरेट'च्या ९०० यांच्या मधे पडतो. लढाई तीच, निकाल दोन टोकांचे. म्हणून कॅल्क्युलेटर कोणत्या वर्षाचे नियम धरतो ते आधी बघावं. गॉब्लिन कड्यावरून बाण सोडणार आहेत की अरुंद बोळातून एकेक करून येणार आहेत, हे मात्र दोन्ही पद्धतींना कळत नाही. आकडा बघून झाला की माझ्या मते पाळ्या मोजाव्यात: चारांविरुद्ध सात. ओगर नसता तरी ही बाजू जड असते.

साधन कोणतं घ्यावं? सगळे एका खोलीत बसत असतील तर आधी साधी स्प्रेडशीट पुरते: नाव, इनिशिएटिव्ह (फाशाने ठरणारा पाळीचा क्रम), आर्मर क्लास, उरलेले हिट पॉइंट, चालू परिणाम, रिअ‍ॅक्शन (दुसऱ्याच्या पाळीत करता येणारी कृती) वापरली का. असे सहा रकाने. खेळाडू वेगवेगळ्या गावांत असतील आणि फक्त नकाशा व टोकन (पडद्यावरच्या सोंगट्या) हवे असतील तर आउलबेअर रोडिओ हे ऑनलाइन साधन सगळ्यात हलकं. रोल२० ब्राउझरमध्ये चालतं आणि विनामूल्य खात्यावर कॅरेक्टर शीट (पात्राचा तक्ता), फासे, टर्न ट्रॅकर (पाळ्यांची यादी) सगळं मिळतं. फाउंड्री हे सॉफ्टवेअर एकदाच विकत घ्यावं लागतं, तेही फक्त डीएमने. ते सगळ्यात ताकदवान आहे आणि सगळ्यात जास्त देखभालही त्यालाच लागते.

इनिशिएटिव्हपासून सुरुवात करा. फाउंड्री प्रत्येक टोकनसाठी वेगळा डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकतं, त्यामुळे सहा गॉब्लिन सहा ठिकाणी विखुरतात आणि डीएमला दर मिनिटाला पात्र बदलावं लागतं. २०१४ च्या नियमांत एकसारख्या शत्रूंसाठी एकच फासा टाकायचा असतो. पण सहाही जण लागोपाठ खेळले तर एखादा विझार्ड त्याची पाळी येण्याआधीच आडवा होतो. म्हणून तीन-तीनचे दोन गट करावेत आणि ओगर वेगळा ठेवावा. शत्रूंच्या तीन पाळ्या, खेळाडूंच्या चार. दोन्ही बाजू आलटून पालटून खेळतात आणि ट्रॅकरची यादी न सरकवता एका नजरेत दिसते.

आता हिट पॉइंट. सगळ्यात जास्त वेळा बसणारा फटका इथला आहे: एका गॉब्लिनला ५ लागले आणि सहाही गॉब्लिनचे आकडे उतरले. कारण टोकन मूळ शीटला जोडलेलं राहिलं. फाउंड्रीत प्रोटोटाइप टोकनच्या सेटिंगमध्ये 'लिंक ॲक्टर डेटा' अशी खूण असते. खेळाडूंच्या पात्रांसाठी ती चालू हवी, म्हणजे आजची जखम पुढच्या सत्रातही राहते. गॉब्लिनसारख्या झुंडीसाठी ती बंद हवी. रोल२० मध्ये टोकन शीटचं प्रतिनिधित्व करतं, पण त्याचा हिट पॉइंटचा बार शीटमधल्या आकड्याला जोडलेला नसावा. बारमध्ये ७ हाताने लिहावेत. टोकनची एक प्रत तपासून घ्या, मगच तिच्या सहा प्रती काढा. प्रत्येकावर क्रमांक टाका. 'गॉब्लिन ४' म्हटलं की वाद संपतो.

नीट भरलेला हिट पॉइंटचा रकाना अनपेक्षित जागी कामाला येतो. २०१४ चा स्लीप मंत्र बघा: ५डी८ (आठ बाजूंचे पाच फासे) टाकायचे, आणि त्या परिघातल्या जीवांना उरलेल्या हिट पॉइंटच्या चढत्या क्रमाने झोपवत जायचं. सरासरी साधारण २२ येते, म्हणजे न लागलेले तीन गॉब्लिन. एक आधीच २ वर आलेला असेल तर तो पहिला झोपतो, मग ७ चे दोघे, आणि उरलेल्या ६ मध्ये चौथा बसत नाही. कागदावर खाडाखोड झाली असेल तर हा हिशेब लढाई थांबवतो.

कॉन्सन्ट्रेशनकडे, म्हणजे मंत्र चालू ठेवणाऱ्या एकाग्रतेकडे मात्र जास्त लक्ष द्यावं लागतं. मार बसला की सेव्ह (बचावाचा फासा) टाकायचा. फाशाने गाठायचं लक्ष्य १० किंवा निम्मं नुकसान, जे जास्त असेल ते. म्हणजे एका फटक्यात २२ किंवा त्याहून जास्त लागेपर्यंत लक्ष्य १० च राहतं. चूक होते ती घाईने. दोन गॉब्लिनचे ५-५ आणि ओगरचे १३ असे २३ एकदमच वजा केले की सॉफ्टवेअर ११ चा एक सेव्ह मागतं. नियमाप्रमाणे तीन वेगवेगळे सेव्ह हवेत, प्रत्येकी १० चे, आणि तीन वेळा टिकणं एकदा टिकण्यापेक्षा कितीतरी अवघड. तेव्हा प्रत्येक फटका वेगळा नोंदवा, कितीही कंटाळा आला तरी.

मंत्राच्या मुदतीचंही तसंच आहे. एक मिनिट म्हणजे दहा फेऱ्या, हे ट्रॅकर बरोबर मोजतो. पण परिणाम संपतो कधी? कधी मंत्र टाकणाऱ्याच्या पुढच्या पाळीच्या शेवटी, कधी ज्याच्यावर मंत्र टाकला त्याच्या पाळीच्या सुरुवातीला. जागच्या जागी खिळवणाऱ्या होल्ड पर्सन मंत्राचा सेव्ह तर त्याच्या प्रत्येक पाळीच्या शेवटी पडतो. (२०१४ च्या नियमांत तो गॉब्लिनवर चालतो. ओगर जायंट असल्याने त्याच्यावर चालत नाही, आणि सॉफ्टवेअर नियम पाळून अडवेलच असं नाही.) रोल२० च्या ट्रॅकरमध्ये 'ब्लेस, १०' अशी वेगळी ओळ घालून दर फेरीला एक उणे करता येतो; ती ओळ मंत्र टाकणाऱ्याच्या नावाला चिकटूनच ठेवावी.

सगळंच आपोआप होऊ द्यावं का? माझं उत्तर नाही असं आहे. हल्ला लागला की नुकसान आपोआप वजा होण्याची सोय फाउंड्रीच्या मॉड्यूलमध्ये (वरून जोडायच्या भागांत) आहे, पण मग शील्ड मंत्राने आर्मर क्लास ५ ने वाढवायला खेळाडूला बऱ्याचदा क्षणच उरत नाही, आणि झालेलं नुकसान मागे घेण्यात वाचलेला वेळ जातो. आकडेमोड यंत्राने करावी आणि 'लागू करा' हे बटण माणसाने दाबावं. वेळच वाचवायचा असेल तर शत्रूंचं सरासरी नुकसान वापरा, गॉब्लिनचं ५ आणि ओगरचं १३. खेळाडूंचे फासे मात्र त्यांच्याच हातात राहू द्या.

टेबलावर टीव्ही आडवा ठेवून त्यावर खरी मिनिएचर (छोट्या मूर्ती) उभी करायची असतील तर एक चौकोन बरोबर एक इंच हवा. ४३ इंची टीव्हीची रुंदी साधारण ३७.५ इंच, फुल एचडीचे १९२० पिक्सेल भागिले ३७.५ म्हणजे इंचाला ५१ पिक्सेल. नकाशाचा चौकोन १०० पिक्सेलचा असेल तर झूम ०.५१ ठेवा. ३२ इंची टीव्हीला तोच आकडा ०.६९ येतो. विंडोजचं डिस्प्ले स्केलिंग १०० टक्के नसेल तर हे गणित चुकतं. टीव्हीवर खेळाडूचं वेगळं खातं उघडा, डीएमचं नाही. नाहीतर दडून बसलेले गॉब्लिन सगळ्यांना दिसतात.

आपल्याकडे फाउंड्री घरच्या लॅपटॉपवरून चालवताना एक अडचण हमखास येते. राउटरमध्ये ३०००० क्रमांकाचा पोर्ट उघडूनही बाहेरचे खेळाडू जोडले जात नाहीत. कारण बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही. एकच पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो. राउटरच्या पानावर दिसणारा पत्ता आणि बाहेरून दिसणारा पत्ता वेगळे निघाले तर हेच कारण समजा आणि राउटरशी झटापट थांबवा. क्लाउडफ्लेअर टनेल किंवा टेलस्केल यांसारखी, पोर्ट न उघडता जोडून देणारी सेवा वापरा, नाहीतर मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये छोटा सर्व्हर भाड्याने घ्या. नकाशे वेबपी या हलक्या चित्र-स्वरूपात ठेवले तर मोबाइल डेटावरचा खेळाडूही मागे पडत नाही.

खेळाच्या दिवशी फाउंड्री किंवा मॉड्यूल अपडेट करू नका. आदल्या दिवशी 'डेटा' फोल्डरची प्रत काढा, ट्रॅकर उघडून एका गॉब्लिनला खोटंच ३ नुकसान द्या आणि बाकीचे पाच ७ वरच आहेत ना ते बघा. राउटर इन्व्हर्टरवर आहे का तेही तपासा. आणि दर फेरीच्या सुरुवातीला इनिशिएटिव्हचा क्रम व उरलेले हिट पॉइंट एका कागदावर उतरवत चला. वीस सेकंद लागतात, आणि वीज गेली तर पुढची पाळी मेणबत्तीच्या उजेडात घेता येते.