काकांच्या नाकातोंडात पाणी गेलंच नव्हतं

कंपनीच्या फाइलमध्ये ही केस एका ओळीत मिटली आहे : ‘स्नॉर्कलिंग करताना गेस्टच्या नाकातोंडात पाणी गेले, प्राथमिक उपचार, दुसऱ्या दिवशी डिस्चार्ज.’ स्नॉर्कलिंग म्हणजे मास्क लावून, तोंडातल्या नळीने श्वास घेत पाण्यावर पालथं तरंगायचं आणि खालचे मासे बघायचे. मला ही ओळ मान्य नाही. ज्यांच्याबद्दल ती लिहिली आहे त्या ठाण्यातल्या पाचपाखाडीच्या काकांना तर मुळीच नाही.

मी टूर मॅनेजर आहे. ठाण्यातच, नौपाड्यात आमचं ऑफिस आहे आणि ‘तुमचं बरंय बाई, फुकटात फिरायला मिळतं’ हे वाक्य मी गोखले रोडवर इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसती हसते. काम असतं मोजण्याचं. डोकी मोजायची, बॅगा मोजायच्या, रूमच्या किल्ल्या मोजायच्या आणि कोणाला कधी बाथरूम लागणार याचा अंदाज बांधायचा. अंदमानला यात भर पडते ती उजेडाची. घड्याळ आपलंच, पण डिसेंबरात पहाटे पाचला फटफटतं आणि संध्याकाळी पाचला दिवेलागण. ठाण्यातली माणसं नवाच्या सवयीची. त्यांना सहाला बसमध्ये बसवणं हे टूर मॅनेजरचं खरं कौशल्य; बाकी ऐतिहासिक माहिती कोणीही पाठ करू शकतं.

त्या दिवशी जॉली बॉय बेट होतं. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 मध्ये श्री विजयपुरम झालं, तरी आमच्या कामात अजून सगळे पोर्ट ब्लेअरच म्हणतात. तिथून बसने वंडूरच्या जेट्टीवर यायचं, पुढे तासाभराची बोट. हा सगळा भाग महात्मा गांधी मरीन नॅशनल पार्कमध्ये येतो. 1983 साली झालेलं हे उद्यान, पंधरा बेटं, आणि पर्यटकांसाठी आलटून पालटून दोनच उघडी : हिवाळ्या-उन्हाळ्यात जॉली बॉय, पावसाळ्यात रेड स्किन. सोमवारी बंद. परवाना वन खात्याचा. आणि प्लास्टिक बंद म्हणजे खरोखर बंद. जेट्टीवर बॅगा उघडून बघतात. मीटिंगमध्ये मी घसा फोडून सांगते, तरी दर वेळी झिपलॉकमध्ये चिवडा निघतोच. त्या दिवशी एका काकूंनी तो चिवडा शांतपणे स्टीलच्या डब्यात ओतला, डब्यातल्या लाडवांना नवऱ्याच्या टोपीत जागा दिली आणि गार्डकडे ‘आता बोल’ अशा नजरेने पाहिलं. मला हा वन खात्याचा खाक्या फार आवडतो. आपल्याकडे येऊरच्या जंगलाच्या गेटवर असा एक माणूस उभा केला तर काय बहार होईल.

पाचपाखाडीचे काका ग्रुपमधले हिरो होते. वय सदुसष्ट, नोकरी आयुष्यभर ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात, आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी पालिकेच्या तरण तलावात. तरुणपणी विहिरीत सूर मारलेले हात. फॉर्मवर ‘पोहता येते का’ या प्रश्नापुढे त्यांनी ‘उत्तम’ असं लिहून खाली रेघ मारली होती. ‘काही आजार’ याच्यापुढे ‘नाही’. बीपीची गोळी पंधरा वर्षं चालू आहे हे मला नंतर त्यांच्या पिशवीतून कळलं. बीपीला आपल्याकडे कोणी आजार मानतच नाही. ती चहासारखी सकाळी घ्यायची गोष्ट.

काकू मात्र घाबरट. पाण्यात पाय घालणार नाही, काचेच्या तळाच्या बोटीतून जेवढं दिसेल तेवढं बघेन, हे त्यांनी ठाण्यातच जाहीर केलं होतं.

जॉली बॉयला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही. जेट्टी नाही. मधेच काचतळाच्या लहान बोटीत उतरायचं आणि तिच्यातून वाळूवर. बेटावर खायला काही मिळत नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि दुपारी बोट सांगेल त्या वेळी निघायचं. म्हणजे हातात फार तर दोन-अडीच तास. त्यात चाळीस माणसांना मास्क बसवायचे.

या मास्क बसवण्याबद्दल मी तासभर बोलू शकते. लोकांना वाटतं पट्टा आवळला की झालं. पट्ट्याचं काम फक्त मास्क पडू न देणं एवढंच. मास्क चेहऱ्याला लावून नाकाने किंचित श्वास आत ओढायचा, हात सोडायचा, आणि मास्क तिथेच चिकटून राहिला तर तो तुमचा. एक केस मधे आला तरी गळतो. मिशीवाल्यांचे हाल विचारू नका. मिशीखालून पाणी हळूहळू आत येतं आणि माणूस शिव्या मास्कला घालतो. मी व्हॅसलीनची डबी घेऊन फिरते. मिशीवर नाकाखाली बोटभर चोपडलं की बरंच जमतं. काचेवर धुकं धरू नये म्हणून आत थुंकायचं, चोळायचं, विसळायचं. हे सांगितलं की बायका ‘ई’ करतात आणि पाच मिनिटांनी गुपचूप थुंकतात.

काकांनी स्वतःचा सेट आणला होता. ऑनलाइन मागवलेला, नळीच्या टोकाला झडप. लाट आली की झडप बंद होते, पाणी आत येत नाही. ‘ड्राय आहे,’ असं ते सगळ्यांना दाखवत होते. आमच्या गाइड पोराने, म्हणजे मध्य अंदमानातल्या रंगतकडच्या एका बंगाली मुलाने, ती नळी तोंडात न घेता नुसती हातात फिरवून पाहिली आणि आपली साधी, जाड, बिनझडपेची नळी पुढे केली. काकांनी नको म्हटलं. रिंगही नको. तिथे पद्धत अशी की तुम्ही हवा भरलेली रिंग धरून पालथं पडायचं आणि गाइड ती दोरीने ओढत नेतो. ‘मी काय लहान मूल आहे?’

लाइफ जॅकेटवर मात्र मी ऐकलं नाही. ते घातलं.

आणि काकू? काकांनी टिंगल केल्यावर त्या चिडून उतरल्या. रिंगला दोन्ही हातांनी घट्ट, ड्रेस फुगलेला, आणि पाण्यात तोंड घातल्यावर पहिल्यांदा जो आवाज आला तो मला नळीतून किनाऱ्यावर ऐकू आला. पिवळे-काळे मासे दिसले होते. नंतर त्या बाहेरच येईनात. हातपाय हलवायचं नाही, नुसतं बघायचं, मुलगा नेईल तिकडे जायचं. सावकाश श्वास.

काका पोहत होते. तलावात पोहतात तसे, दमदार, प्रवाहाच्या विरुद्ध. माझा सहकारी त्यांचा व्हिडिओ काढत होता, कारण हल्ली आम्हाला रोज दोन रील पाठवाव्या लागतात. (त्याला मी दोष देत नाही. देते, थोडासा.) किनाऱ्यापासून फार लांब नव्हते ते. उभे राहिले असते तर पाणी छातीला लागलं असतं. खाली प्रवाळ होतं, म्हणून मीच मीटिंगमध्ये शंभरदा सांगितलेलं, की उभं राहायचं नाही. 2010 सालच्या उष्ण पाण्याने अंदमानचं प्रवाळ आधीच पांढरं पाडलंय, उरलेल्यावर चपला नकोत.

ओरडणं नाही, हात वर करणं नाही. गाइड म्हणाला, ‘दीदी, अंकल का पैर रुक गया.’ आणि काकूंची दोरी माझ्या हातात टाकून गेला. मी पाहिलं तेव्हा मला काका निवांत तरंगताना दिसले. चाळीस माणसांतल्या एकालाही काही वेगळं दिसलं नसतं.

वाळूवर आणले तेव्हा शुद्धीवर होते. नळी त्यांनीच काढून फेकली होती. धाप अशी की एक शब्द पुरा होईना, ओठ निळसर, छातीतून चहाच्या पातेल्यात उकळी फुटावी तसा आवाज. लगेच गर्दी. आणि आपल्या लोकांना पाण्यातून काढलेल्या माणसाचं एकच काय ते माहीत असतं : पालथा घाला, पोट दाबा, पाणी काढा. दोघं तर त्यांना धरून वाकवायलाच लागले. त्यातले एक सोसायटीचे सेक्रेटरी होते, त्यामुळे हुकूमही सोडत होते. गाइड पोराने त्यांना अक्षरशः ढकललं. ‘बिठाओ, सीधा बिठाओ, लिटाना नहीं.’ त्याने काकांच्या पाठीला आपले गुडघे लावले आणि त्यांना टेकवून बसवलं. त्याला हे कोणी शिकवलं होतं मला माहीत नाही. काका खोकले, रुमालावर फेस आला, फिकट गुलाबी.

कोविडपासून माझ्या किटमध्ये ऑक्सिमीटर असतो. बोट पुसून, चोळून गरम करून लावला : ऑक्सिजन 84 टक्के, फारच कमी. बोटीवर ऑक्सिजन नव्हता. परतीचा तास काका बाकावर पुढे झुकून बसले होते आणि काकू त्यांच्या कपाळावर ओली ओढणी धरत होत्या, त्याचा काय उपयोग ते त्यांनाही ठाऊक नसावं. वंडूर जवळ आल्यावर रेंज आली, गाडी मागवली.

हॉस्पिटलमधल्या तरुण डॉक्टरने विचारलं, किती पाणी प्यायलात? काका ऑक्सिजनच्या मास्कमधून म्हणाले, ‘एक थेंब नाही.’ डॉक्टरने माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. एक्स-रेमध्ये दोन्ही फुफ्फुसांत पाणी स्पष्ट दिसत होतं. केसपेपरवर प्रश्नचिन्ह टाकून ‘बुडता बुडता वाचले’ अशा अर्थाचं निदान लिहिलं गेलं. ऑक्सिजन, लघवीचं इंजेक्शन. दुसऱ्या सकाळी 96. काका उठून बसले आणि इडली मागितली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मी या कामात खारं पाणी प्यायलेली माणसं भरपूर पाहिली आहेत. ती खाकरतात, ओकतात, नाक धरतात, समुद्राला आणि मला शिव्या देतात. काकांचं तसं काहीच नव्हतं. त्यांना आधी धाप लागली. मग हातापायातली ताकद गेली. एवढंच त्यांना आठवतं. ‘नळीतून हवा पुरेना. जोरात ओढली, तर आणखी पुरेना.’

ठाण्यात परतल्यावर त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. पंपिंग ठीक, पण जुन्या बीपीमुळे हृदयाचा स्नायू जरा ताठर झालाय. सगळी हकिगत ऐकून ते म्हणाले, ‘हे समुद्राचं पाणी नसावं. तुमच्याच रक्तातलं असेल.’ आणि लगेच पुस्ती जोडली, ‘पण मी तिथे नव्हतो.’

मग मी वाचत बसले. अमेरिकेतल्या हवाई बेटांवर स्नॉर्कलिंग करताना पर्यटक फार मरतात, म्हणून तिथे याचा खास अभ्यास झालाय. त्यांचं म्हणणं असं : बऱ्याच जणांच्या छातीत बाहेरून पाणी जातच नाही. पाण्यात आडवं पडलं की पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं. त्यात अरुंद किंवा झडपेच्या नळीतून जोर लावून श्वास ओढला की छातीत ओढ निर्माण होते, आणि रक्तवाहिन्यांतला द्रव फुफ्फुसात पाझरतो. नळीचा अडथळा, हृदयाचे काही विकार आणि दमछाक, ही तीन कारणं त्यांनी पुढे ठेवली. कुठल्या नळीला किती अडथळा हे नुसतं बघून कळत नाही, हेही. लांबच्या विमानप्रवासावरही संशय घेतलाय, पण तो संशयच. आणि पोहता न येणं हे त्यांना मोठं कारण वाटलं नाही.

हे मी सगळं मेलमध्ये लिहून हेड ऑफिसला पाठवलं. उत्तर आलं : ‘इन्सिडंट क्लोज झाला आहे.’ फोन केला तर साहेब म्हणाले, पाणी गेलं म्हटलं की गेस्टची चूक होते, फुफ्फुसात आपोआप भरलं म्हटलं की आपली होते. हा माणूस एकदाही गुडघाभर पाण्यात उतरलेला मी पाहिलेला नाही.

काकांचा मुद्दा वेगळा आहे. मी भेटायला गेले तेव्हा त्यांनी फाइल काढली : एक्स-रे, इको, केसपेपर, सगळं तारखेवार. त्यांना नुकसानभरपाई नको. तलावावरची मंडळी ‘काय हो, बुडालात म्हणे’ असं विचारतात, आणि त्यांना माझ्या सहीचं एक पत्र हवंय की ते बुडाले नव्हते. काकू आतून म्हणाल्या, ‘पत्र द्या बाई, नाहीतर हे फ्रेम करायला दुसरं काहीतरी शोधतील.’ मी दिलं. कंपनीच्या लेटरहेडवर देता आलं नाही, साध्या कागदावर.

आता पुढची बॅच जानेवारीत. फॉर्म तोच आहे. मी त्यात हाताने एक ओळ वाढवते : ‘रोज कुठलीही गोळी घेता का, अगदी बीपीचीसुद्धा?’ लोक विचारतात, मासे बघायला बीपी कशाला? गाइड पोराशी ठरलंय की घरून आणलेली नळी आधी कमरेएवढ्या पाण्यात, उभं राहून, पाच मिनिटं. आणि ‘उत्तम’ लिहिणाऱ्यांनाही पहिली फेरी रिंगवर. चाळीस माणसं, दोन-अडीच तास, दोनच गाइड, आणि मिशा आहेतच. हिशोब बसत नाही. मागच्या टूरला चौदा जणांची दुसरी फेरी हुकली, आणि त्यांच्यातल्या दोघांनी फीडबॅक फॉर्मवर मला पाचपैकी दोन दिले.