अक्कणमाती चिक्कणमाती : ओट्यापासून माहेरापर्यंत

भोंडल्याच्या, म्हणजेच हादग्याच्या गाण्यांत ‘अक्कणमाती चिक्कणमाती’ मला सगळ्यांत पक्क्या बांधणीचं वाटतं. मातीचा ओटा घालायचा, त्यावर जातं रोवायचं, जात्यावर सपीट काढायचं, सपिटाच्या करंज्या करायच्या. करंज्या तबकात, तबकावर शेला, मग पालखी आणि पालखी माहेरी. काही घरी सपिटाऐवजी सोजी म्हणतात.

हा क्रम कामातूनच आलाय. खालची तळी मातीत घट्ट बसली नाही, तर दळताना जातं सरकतं. सपिटासाठी गहू ओलवून रात्रभर फडक्यात बांधून ठेवतात. कोरडेच दळले तर कोंड्याचाही भुगा होतो आणि पीठ काळपट येतं. पाणी जास्त झालं तर पीठ जात्यालाच चिकटतं. दळण झालं की वस्त्रगाळ करायचं, तेव्हा कुठे करंजीजोगं सपीट निघतं. गाणं कुणा एकीचं नाही, पण ज्यांनी ते जुळवलं त्यांचे हात जात्याच्या खुंट्यावर होते, एवढं नक्की.

त्यांचं वयही शेवटी कळतं. माहेर कशासाठी हवं? ‘खेळाया मिळतं’ म्हणून. खेळायच्या वयात सासरी गेलेल्या मुलीचं हे मागणं आहे. मुलींच्या लग्नाचं किमान वय 14 ठरवणारा शारदा कायदा झाला तोच 1929 साली.

फेरात चुकतं ते लिंगवचनात. अस्सा ओटा, अस्सं जातं, अस्सं सपीट, अश्शा करंज्या, अस्सं तबक, अस्सा शेला, अश्शी पालखी. आधीच्या ओळीतलं शेवटचं नाम पुढच्या ओळीत पहिलं येतं आणि ‘असा’ त्याच्याप्रमाणे बदलतो. लहान मुली घाईत ‘अश्शी जातं’ म्हणून जातात. त्यांना आधी नुसती नामं ओळीनं पाठ करायला लावावीत, चाल नंतर. ‘अस्सा’तल्या जोडाक्षरावर जोर द्यावा, पाऊल तिथंच पडतं. शेला विसरला तर पालखीत ठेवायला काही उरत नाही आणि अख्खा फेर अडखळतो.

एवढ्या घट्ट साखळीमुळेच जातं घरातून गेलं तरी गाणं राहिलं. आता सोळा दिवसांचा भोंडला बहुतेक ठिकाणी नवरात्रातल्या एका संध्याकाळवर आलाय, शाळांत आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळांतही होतो. तिथं ‘अस्सं सासर द्वाड बाई, कोंडू कोंडू मारितं’ ही ओळ कधी कधी गाळतात. ती गाळू नये. ओट्यापासून इतक्या निगुतीनं सगळं रचत आणलं, ते ही ओळ म्हणता यावी म्हणूनच.