एका टेबलावर दोन पंगती

मालदीवमध्ये बहुतेक ठिकाणी एका बेटावर एकच रिसॉर्ट असतं. १९७२ साली कुरुम्बा सुरू झालं, तेव्हापासून पर्यटन इथं असंच वाढत गेलं. मी रा अटोलमधल्या (अटोल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) एका रिसॉर्टमध्ये गेस्ट रिलेशन्सला आहे. मालेहून सी-प्लेननं साधारण पाऊण तास. 'इथं महाग आहे, चला बाहेर जेवू' असं पाहुण्याला म्हणायची सोयच नाही. बाहेर म्हणजे समुद्र.

त्यात आमच्या मेनूकार्डावरच्या किमतीपुढे दोन बारीक अधिकचिन्हं असतात. आम्ही त्याला 'प्लस प्लस' म्हणतो. आधी १० टक्के सर्व्हिस चार्ज, मग त्या बेरजेवर १७ टक्के पर्यटन कर. म्हणजे १०० डॉलरचं जेवण बिलावर १२८ डॉलर ७० सेंट होतं. शिवाय मोठ्या रिसॉर्टमध्ये माणशी रोजचा १२ डॉलर ग्रीन टॅक्स असतो, तो वेगळाच.

गेल्या हंगामात कोल्हापूरचं एक कुटुंब आलं. दोघे भाऊ, दोघांच्या बायका, धाकट्याचा सात-आठ वर्षांचा मुलगा आणि आजी. आजी थोरल्याकडे. थोरल्यानं आपल्या व्हिलासाठी ऑल-इन्क्लुझिव्ह घेतलं होतं, म्हणजे जेवणखाण, पेयं, दारू सगळं आधीच भरलेल्या पैशांत; धाकट्यानं फक्त नाश्ता. "आम्ही पीत नाही, मग दारूचे पैसे कशाला भरायचे?" असा त्याचा सवाल. कोल्हापुरात बसून हा हिशेब बिनचूकच वाटतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी रेस्टॉरंटमधून मला बोलावणं आलं. थोरला वेटरला सांगत होता, "सगळं माझ्या व्हिलावर टाक." वेटर बिचारा मान हलवत होता. तसं करता येत नाही. नाहीतर एकानं प्लॅन घ्यायचा आणि पाच जणांनी जेवायचं, असं होईल. तेवढ्यात आजींनी आपली प्लेट नातवापुढे सरकवली. नियमानं तेही चालत नाही, पण मी तिकडे बघितलंच नाही.

नियम सांगितल्यावर धाकटा चिडला नाही. "बरोबर आहे तुमचं," म्हणाला आणि मेनूकार्ड मिटवलं. सकाळी नाश्ता जास्त झाला, भूक नाही, वगैरे. त्यांच्या खोलीत भडंगाच्या पिशव्या आहेत, हे हाउसकीपिंगच्या पोरांकडून मला आधीच कळलं होतं. भडंग मलाही आवडतो, पण निळ्या समुद्रासमोर नवराबायकोनं दुपारचं जेवण म्हणून तो खायचा? आणि पोरगं तर प्रत्येक पदार्थावर बोट ठेवून विचारत होतं, "पप्पा, ह्याचे रुपये किती?"

आजींनी मला जवळ बोलावलं. "गाव कुठलं रं तुझं?"

"चिपळूण."

"मग आपलाच की. ह्या दोन पंगती कुणी मांडल्या, सांग बघू."

मी धाकट्याला ऑफिसात नेऊन त्याचा फोलिओ, म्हणजे खोलीच्या नावावरचा खर्चाचा हिशेब, छापून हातात दिला. दीड दिवसाचं बिल. जेवणापेक्षा फुटकळ खर्चच जास्त: ज्यूस, लाइम सोडा, पाणी, कॉफी, पोराचं आइस्क्रीम. न पिणाऱ्यांना मी एरवी फुल बोर्ड सुचवतो, तिन्ही वेळचं जेवण त्यात येतं. पण आमच्या फुल बोर्डमध्ये पेयं धरत नाहीत, अन् ह्या उकाड्यात लहान मूल दिवसभर काहीतरी पीतच असतं. शिवाय आईवडिलांनी जेवणाचा प्लॅन घेतला की आमच्याकडे लहान मुलाचं जेवण मोफत. हे त्याला बुकिंग करणाऱ्यानं सांगितलंच नव्हतं.

प्लॅन मध्येच बदलायची पद्धत नाही. मॅनेजरच्या मागे लागून त्याच रात्रीच्या जेवणापासून धाकट्यालाही ऑल-इन्क्लुझिव्ह करून घेतलं. उरलेल्या रात्रींचा फरक त्या चालीनं होणाऱ्या बिलापेक्षा कमीच भरला.

रात्री टेबलावर जो कलकलाट सुरू झाला! थोरला वाढपी झाला. पोरानं आंब्याचं आइस्क्रीम आणलं, आवडलं नाही, टाकून नारळाचं आणलं. कोणी रागावलं नाही. आजींनी केरळच्या शेफकडून ताक करून घेतलं आणि हिंग नाही म्हणून त्याला दोन शब्द सुनावले. पैशाच्या हिशेबानं बघितलं तर आजींचा प्लॅन सगळ्यात वाया गेलेला, त्या खाऊन खाऊन किती खाणार? पण बेटावर सगळ्यात निर्धास्त त्याच फिरत होत्या.

ऑल-इन्क्लुझिव्हमध्ये सगळंच येतं, असं मात्र नाही. आमच्याकडे स्नॉर्केलिंगचं सामान आणि कयाक त्यात आहेत. स्पा, जेट स्की, भारी वाइन नाहीत. सी-प्लेनचं भाडंही वेगळं. निघायच्या सकाळी थोरल्या वहिनी काउंटरवर थबकल्या, मसाजही प्लॅनमध्येच धरला असेल असं त्यांना वाटलं होतं. थोरला आवाज चढवणार, तोच धाकट्यानं बिल ओढून घेतलं, प्लस प्लससकट बेरीज केली आणि म्हणाला, "दादा, आकडा बरोबर आहे. कार्ड काढ."