कललेल्या बोटीवरचा कुकर

अकरा मीटरची शिडाची बोट, चार माणसं, दोन बर्नरची शेगडी आणि सहा दिवसांचा पल्ला. पहिला दिवस किनारा दिसेनासा होण्यात गेला. चौथ्या-पाचव्या दिवशी वाराही तोच आणि पाणीही तेच. लिहायला बसलोय ते दुसऱ्या संध्याकाळमुळे. त्या संध्याकाळी चार लिटर उकळत्या पाण्यात पास्ता शिजत होता, आणि ते भांडं त्या शेगडीवर चढायलाच नको होतं.

बोटीवरची शेगडी दोन खुंट्यांवर झोपाळ्यासारखी टांगलेली असते. याला गिंबल म्हणतात. बोट डावी-उजवीकडे कलली तरी शेगडी आडवी राहते. बोटीचं नाक लाटेवर आपटतं तेव्हा मात्र गिंबलचा काही उपयोग नाही, तो हिसका भांड्याला थेट बसतो. शेगडी आडवी राहते कारण तिचं बहुतेक वजन खुंट्यांच्या खाली असतं. वर चार लिटर पाण्याचं रुंद पातेलं ठेवलं की वजन खुंट्यांच्या वर सरकतं, शिवाय पाणी खालच्या अंगाला धावतं आणि शेगडीला तिकडेच ओढतं. मग ती सावरत नाही, लोळते. दुसऱ्या संध्याकाळी हेच झालं. पातेलं पकडींमध्ये घट्ट बसवलेलं होतं म्हणून जागचं हललं नाही, पण उकळतं पाणी काठावरून थेट जमिनीवर. समोर त्या क्षणी कोणी नव्हतं, हे नशीब.

आणि खरा धोका तर पुढेच होता: गाळणं. हिंदकळणाऱ्या बोटीत एका हातात पातेलं, दुसऱ्या हातात झाकण, तोंडावर वाफ आणि पाय टेकवायला जागा नाही. समुद्रावरच्या स्वयंपाकातून ही एक पायरी काढून टाकली तरी भाजण्याचा मोठा धोका टळतो. पास्ता हवाच असेल तर छोट्या आकाराचा घ्यावा. 400 ग्रॅमला साधारण 1 लिटर पाणी, तेवढ्यातच शिजवायचा आणि पाणी आटवायचं. त्यातून सुटलेल्या पिठाने रस्सा आपोआप दाट होतो. दाट जेवण सांडत नाही, हे बोटीवर चवीइतकंच महत्त्वाचं आहे.

निघण्याआधी धक्क्यावरच एक चाचणी करून घ्यावी. सर्वांत मोठं भांडं गार पाण्याने अर्धं भरून शेगडीवर ठेवायचं, गिंबलची कडी सोडायची आणि शेगडीला हाताने ढकलायचं. ती दोन-तीन झोक्यांत मध्यावर आली तर ठीक. एका बाजूला पडून राहिली तर ते भांडं समुद्रात वापरायचं नाही, किंवा खालच्या ओव्हनमध्ये वजन बांधून पुन्हा बघायचं. ओव्हनचं जड दार उघडलं तरीही तोल पुढे जातो, त्यामुळे वर गरम भांडं असताना ओव्हन उघडू नये. इतकी साधी चाचणी कुणी सांगत नाही, पाककृती मात्र पन्नास सापडतात, याचा मला राग येतो.

तिसऱ्या संध्याकाळी पाच लिटरचा कुकर बाहेर काढला. प्रेशर कुकरचं झाकण अडकवलेलं असतं. कुकर आडवा झाला तरी जेवण आत राहतं, आणि बोटीसाठी हाच त्याचा पहिला गुण. वेळ आणि गॅस वाचतो तो त्यानंतर. केबिनमध्ये वाफही कमी होते, ज्याचं मोल छताच्या बंद खिडक्यांखाली दोन दिवस काढल्यावर कळतं.

चौघांसाठी माप असं: तांदूळ 300 ग्रॅम, सोललेली लाल मसूर 150 ग्रॅम, दोन कांदे, दोन गाजरं, पाव कोबी, तीन मोठे चमचे तेल, आल्याचा बोटभर तुकडा आणि एकूण 1.2 लिटर पाणी. हे सगळं मिळून पाच लिटरच्या कुकरमध्ये अर्ध्याच्या खाली राहतं. तांदूळ आणि डाळी फेसाळतात, म्हणून अर्ध्याच्या वर जायचंच नाही. फेस झडपेत अडकला तर वाफेचा रस्ता बंद होतो.

चिरणं, निवडणं, धुणं हे सगळं शेगडी पेटवण्याआधी आणि शक्यतो बसून उरकायचं. सुरी वापरून झाली की लगेच तिच्या जागी. कांदा थेट कुकरमध्येच तेलावर परतायचा, आंच मंद. मग आलं, भाज्या, तांदूळ, मसूर आणि शेवटी पाणी. तळ एकदा लाकडी चमच्याने खरवडून घ्यायचा, कारण चिकटलेला कांदाच पुढे करपतो. पूर्ण दाब आल्यावर आंच कमी करून पाच मिनिटं, मग गॅस बंद. इथे घाई नको. वाफ झडपेतून सोडली की कलत्या कुकरमधून फेसासकट गरम पाणी उडतं. दहा-पंधरा मिनिटांत कुकरचा दाब आपोआप उतरतो, तेवढ्या वेळात डाळ पूर्ण मऊ होते.

त्या 1.2 लिटरमधलं 300 मिलिलिटर समुद्राचं पाणी होतं. खुल्या समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे एवढ्या पाण्यातून दहा-साडेदहा ग्रॅम मीठ येतं, वरून घालायला नको. एक भाग खारं, तीन भाग गोडं याच्या पुढे जाऊ नये. पाणी आटतं, मीठ आटत नाही. सालासकट बटाटे उकडायचे असतील तर मात्र निव्वळ खारं पाणी चालतं. बंदरात, नदीच्या मुखाशी किंवा रहदारीच्या वाटेवर हे पाणी भांड्यात घ्यायचं नाही.

वारा वाढला की आणखी एक उपाय आहे आणि तो सुकाणू धरणाऱ्याच्या हातात असतो. पुढचं शीड वाऱ्याच्या बाजूला ओढून आणि सुकाणू उलट बांधून बोट थोपवता येते. हेलकावे बरेच कमी होतात आणि वीस मिनिटांत जेवण शिजून जातं. तेवढ्या वेळात फार तर दोन मैल मागे पडतील. शेगडी वाऱ्याकडच्या उंच बाजूला असेल तर उसळलेलं सगळं स्वयंपाक करणाऱ्याच्या अंगावर येतं, त्यामुळे तेव्हा तर थोपवावीच. तोल सांभाळायला कमरेभोवती अडकवायचा पट्टा, जाड जलरोधक पँट आणि बूट हे उकाड्यातही घालावेत. भाजलंच तर वीस मिनिटं गार पाणी, लोणी किंवा पेस्ट काही लावायचं नाही.

गॅसबद्दल थोडक्यात, पण ठामपणे. प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही हवेपेक्षा जड. गळलेला गॅस वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये साचतो आणि पंपाच्या एका ठिणगीची वाट बघतो. म्हणून स्वयंपाक संपताना आधी टाकीची झडप बंद करायची आणि नळीत राहिलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझू द्यायची. शेगडी चालू असताना छतावरची एक खिडकी उघडी ठेवायची, पाऊस आत आला तरी.

रात्रीच्या पाळीसाठी रुंद तोंडाचा थर्मास हवाच. त्यात आधी उकळतं पाणी पाच मिनिटं ठेवून ओतून द्यायचं, मग 150 ग्रॅम ओट्स आणि 700 मिलिलिटर उकळतं पाणी. पहाटेपर्यंत खाण्याजोगं गरम राहतं. राजमा मात्र अशा थर्मासमध्ये कधीच शिजवू नये. त्यातलं विष मंद आचेवर मरत नाही. भिजवून, ते पाणी टाकून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळावाच लागतो.

पहिले दोन दिवस नवी चव टाळावी. 1895 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेला जोशुआ स्लोकम अझोर्स बेटं सोडल्यावर प्लम आणि चीज खाऊन असा आजारी पडला की केबिनमध्ये कळवळत पडून होता आणि बोट आपली आपण चालत होती. मऊ भात, आलं, बटाटा हेच पोटात टिकतं.

जेवण ताटात नको, खोल वाडग्यात आणि अर्ध्यापर्यंतच. वाढताना वाडगा हातात धरू नये, सिंकमध्ये ठेवून भरावा. चमचा एकच.

कुकर खाऱ्या पाण्याने घासला तरी चालतो, पण शेवटी एक पेला गोडं पाणी फिरवायलाच हवं. ॲल्युमिनियमला खारं पाणी पोखरतं, म्हणून स्टीलचा घ्यावा. झाकणाची रबरी रिंग आणि सुरक्षा झडप यांचा एकेक जादा नग निघतानाच सोबत असावा. आमच्याकडे रिंग होती, झडप नव्हती. पाचव्या दिवशी तीच गळायला लागली, आणि शेवटचे दोन दिवस कुकरवर नुसतं झाकण ठेवून मसूर चाळीस मिनिटं शिजवावी लागली.