सातारा-कोल्हापूर एक झाले असते तर: आधी नाडगौंडीचा हिशेब

मराठी इतिहासातलं 'जर-तर' कथेत रंगवायला बसलं की बहुतेकांची गाडी थेट पानिपतावर जाऊन थांबते. त्याच्या अकरा वर्षं आधी एक फाटा आहे, आणि तिथे कल्पना फार ताणावीही लागत नाही. १५ डिसेंबर १७४९ ला साताऱ्यात शाहू महाराज निपुत्रिक वारले. कोल्हापूरचे संभाजी महाराज त्यांचे चुलत भाऊ, राजारामांचे चिरंजीव. दोन्ही गाद्या एक कराव्यात यासाठी नानासाहेब पेशव्यांशी त्यांची आतून बोलणीही झाली होती. पण शाहूंनी कोल्हापूरकरांना आणू नये असं लिहून ठेवलं आणि ताराबाईंनी आपला नातू म्हणून पुढे केलेला रामराजा गादीवर बसला. ती एक ओळ उलटी करा, झालं.

नकाशा मात्र लगेच एका रंगात रंगवू नका. १७३१ च्या वारणेच्या तहाने वारणा-कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरकडे गेला होता. तुंगभद्रेपलीकडे जे मिळेल ते निम्मं-निम्मं, आणि एकाचे बंडखोर चाकर दुसऱ्याने ठेवायचे नाहीत, असंही ठरलं होतं. राजा एकच झाला की हे शेवटचं कलम आपोआप गळतं. कालपर्यंत साताऱ्याला हरामखोर असलेला सरदार आज त्याच दरबारात हक्काने बसणार. रुसवेफुगवे इथूनच सुरू होतील.

मग पदं. दोन्हीकडे अष्टप्रधान, दोन्हीकडे प्रतिनिधी. साताऱ्याचे श्रीपतराव आणि कोल्हापूरचे कृष्णाजी हे तर एकाच परशुराम त्रिंबकांचे मुलगे. १७४९ पर्यंत कारभार पुढच्यांकडे गेला असला तरी एका पदाची दोन घरं झाली ती झालीच. शिवाय कोल्हापूरकडचे बावड्याचे अमात्य, कापशीचे सेनापती घोरपडे. पद काढून घेता येईल, पण त्यामागचं वतन आणि किल्ला कोण सोडतो? त्यामुळे दोन्ही फडांची, म्हणजे कचेऱ्यांची, दप्तरं काही पिढ्या वेगळीच ठेवावीत. एकत्र केलीत तर गोष्ट खोटी वाटू लागते.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो चौथाईला, म्हणजे महसुलाच्या चौथ्या हिश्शाला. १७१९ च्या बादशाही सनदा शाहूंच्या नावाच्या, दख्खनच्या सहा सुभ्यांच्या. चौथाईचे शंभर रुपये आले की २५ राजाचा वाटा (बाबती), ६ सचिवांचा (साहोत्रा), ३ राजाने मर्जीने कुणालाही द्यायचे (नाडगौंडी), उरलेले ६६ सरदारांचे (ऐन मोकासा). या वाटणीत बावडेकर किंवा कापशीकर कुठेच नाहीत, आणि एकीकरण झाल्यावर ते हात पसरणारच. साहोत्र्याला हात लावला तर भोरचे सचिव बिथरणार, मोकाशातून कापलं तर फौजा बाळगणारे सरदार. राजाच्या मर्जीत उरते ती ३ ची नाडगौंडी, लाखाला तीन हजार. एवढ्यात दक्षिणेचा सारा दरबार खूश ठेवायचा! तुमच्या कथेतलं पहिलं भांडण याच तीन हजारांवर लावा. धर्म-भाषेच्या नावाने लढाई रचण्यापेक्षा हे कितीतरी खरं वाटेल.

संस्कृतीच्या बाजूने मला दसरा महत्त्वाचा वाटतो. अंबाबाईची पुनःस्थापना १७१५ ची, याच संभाजींच्या कारकिर्दीतली, तीही विजयादशमीला. सीमोल्लंघन करून मुलूखगिरीला निघायचं तेव्हा राजाची पालखी साताऱ्यात की करवीरात? कऱ्हाड मध्यावर आहे. १७३१ ची दोन्ही महाराजांची भेटही जवळच्या जखिणवाडीलाच झाली होती. पण कऱ्हाडला देवीचं ते ठाणं नाही, आणि सोनं लुटायला करवीरलाच जायचं म्हटलं की साताऱ्याचे मानकरी मागच्या रांगेत जातात. दक्षिणेचा कानडी मुलूख या वादात विसरला जातो. तुमच्या लिखाणातही विसरला जाईल, तेव्हा एखादा कानडी देसाई आधीच आणून ठेवा.

खरी मेख वयाची. साताऱ्याच्या गादीवर येताना संभाजी ५१ वर्षांचे, मूल नाही. प्रत्यक्षात ते डिसेंबर १७६० मध्ये वारले, म्हणजे पानिपतच्या आधी महिनाभरही नाही. कोल्हापूर खालसा करण्याचा पेशव्यांचा डाव तेव्हा राणी जिजाबाईंनी हाणून पाडला आणि १७६२ मध्ये खानवटच्या भोसल्यांचा मुलगा दत्तक घेतला. कल्पनेतल्या राज्यात त्याच जिजाबाई दोन्ही गाद्यांच्या मालकीण ठरतात. पेशव्यांची मोठी फौज भाऊसाहेबांबरोबर पानिपतावर अडकलेली, आणि साताऱ्यात ताराबाई अजून जिवंत आहेत. सावत्र मुलाने, म्हणजे याच संभाजींनी, आपल्याला कैदेत ठेवलं होतं हे त्या विसरलेल्या नाहीत.