डबा रिकामा परत द्यायचा नसतो

दिवाळीला अजून पंधरा-सोळा दिवस आहेत आणि आमच्या पडवीत सकाळपासून सात डबे ऊन खातायत. चार पत्र्याचे, दोन स्टीलचे आणि एक बिस्किटांचा जुना चौकोनी डबा, त्याच्यावरचं चित्र घासून घासून पार उडालंय. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारतो, काय गो, दुकान काढतेस काय? नाही हो. हे सगळे द्यायचे डबे आहेत. एक मुंबईला दीर-जावेकडे, एक डोंबिवलीला वन्संकडे, एक पलीकडच्या आळीतल्या खालाकडे, एक आईंच्या म्हणजे माझ्या सासूबाईंच्या डॉक्टरांना, असे करत करत सात होतात, आणि दरवर्षी ऐन वेळी आठवा कोणीतरी आठवतोच.

मी राहते दापोलीजवळ, हर्णैच्या रस्त्याला. माहेर राजापूर. लहानपणी घरात नानकटाई भाजायचा प्रश्नच नव्हता, ओव्हन कोणाकडे होता तेव्हा? आई रवा, मैदा, साखर, डालडा असं सगळं मोजून पिशव्यांत भरायची आणि आम्ही दोघी बेकरीत जायचो. दिवाळीच्या आधी तिथे ही रांग. बेकरीवाले आपल्यासमोर पीठ मळायचे, पत्र्याच्या ट्रेमधे भराभर गोळे लावायचे, ट्रेवर नावाची चिठ्ठी आणि मग लांब दांड्याच्या फळीवरून ट्रे भट्टीत. आई शेवटपर्यंत तिथून हलायची नाही. तिला पक्का संशय की आपला डालडा दुसऱ्याच्या नानकटाईत जातो. कधीच काही सिद्ध झालं नाही, पण घरी येऊन पहिली नानकटाई तोंडात टाकली की दरवर्षी एकच वाक्य, "बघ, खुसखुशीत नाही झाली यंदा." मला मात्र घरी येतानाचंच आठवतं, गरम डबा मांडीवर आणि सगळ्या रिक्षात वेलचीचा वास.

नऊ वर्षांपूर्वी ओटीजी, म्हणजे छोटा विजेवरचा ओव्हन, घेतला तेव्हा वाटलं की आता झालं काम. पण कोकणात बेकिंग करायचं म्हणजे अर्धी लढाई हवेशी आहे, हे पुस्तकात कोण सांगत नाही. नानकटाईला तूप थिजलेलं लागतं, पांढरं हलकं होईपर्यंत फेटायचं असतं, आणि आमच्याकडे तूप थिजणार कधी, तर थंडीत पहाटे. पहिल्या वर्षी मी पातळ तुपातच पीठ मळलं, ट्रेमधे छान गोल गोळे ठेवले आणि दहा मिनिटांनी काचेतून बघते तर सगळे गोळे पसरून एकमेकांना चिकटलेले, ट्रेभर एकच मोठी नानकटाई. आमचे हे म्हणाले बरं झालं, कापून वड्या कर. तशा वड्याच खाल्ल्या तेव्हा.

आता माझं माप ठरलेलं आहे. २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बेसन, १२५ ग्रॅम साजूक तूप, १२५ ग्रॅम पिठीसाखर, पाव चमचा खायचा सोडा, वेलची-जायफळ, चिमूट मीठ. तूप आधी फ्रीजमधे ठेवून घट्ट करायचं, मग फेटायचं. वळलेले गोळे ट्रेसकट अर्धा तास परत फ्रीजमधे. ओव्हन १६० वर आधीच तापलेला पाहिजे आणि मग १८ ते २० मिनिटं. बाहेर काढताना मऊच लागते, तेव्हा घाबरून परत आत ढकलायची नाही, गार होताना कडक होते. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पूर्ण, अगदी पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरायची नाही. जरा कोमट असताना झाकण लावलं की आतल्या आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी नानकटाई नाही, पाव.

आणि गुळाची नानकटाई कोणी मागितली तर मी सरळ नाही म्हणते. गूळ आमच्या हवेत पाणी ओढतो, साखरेपेक्षा कितीतरी जास्त, चार दिवसांत मऊ पडते. स्वतः घरी खायला ठीक आहे, पण दादरला जाऊन पोचेपर्यंत तिची रया गेलेली असते. मऊ पडलेली साखरेची नानकटाई मात्र वाचवता येते, १४० वर सात-आठ मिनिटं परत भाजायची. हे मी मुंबईच्या जावेला दहा वेळा सांगितलंय, ती मायक्रोवेव्हमधे घालते आणि मग मला फोन करते की अजूनच मऊ झाली गं.

काजूच्या नानकटाईची तर वेगळीच गंमत. लोकांना वाटतं कोकणात राहता म्हणजे काजू काय अंगणात पडलेले असतील. झाडं आहेत, पण बी भाजून, फोडून, सोलून गर हातात यायला काय लागतं ते करणाऱ्यालाच माहीत, बियांच्या टरफलातल्या तेलाने हाताची सालं निघतात. त्यामुळे मीसुद्धा फॅक्टरीतूनच विकत आणते, पण तुकडा. तो ३२० नंबरचा अख्खा काजू, म्हणजे एका पौंडात साधारण तीनशे ते तीनशेवीस बसतात तो, दळून पिठात घालायचा हा मला शुद्ध वेडेपणा वाटतो. मिक्सरमधे तुकडा पण थांबत थांबत फिरवायचा, सलग फिरवला की तेल सुटून गोळा होतो.

आता डब्यांबद्दल. आमच्याकडे दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत. काही नाही तर निदान चमचाभर साखर तरी घालून देतात. त्यामुळे माझे सात डबे दिवाळीत जातात आणि पुढच्या सहा महिन्यांत एकेक करून काही ना काही घेऊन परत येतात. खालाकडचा डबा ईदेला शेवयांच्या खिरीने भरून येतो. डॉक्टरांच्या बायकोकडून आमसुलं. वन्सं डोंबिवलीहून फरसाण पाठवतात, ते मला आवडत नाही पण डब्याचा मान राखायचा म्हणून खाते.

तर हर्णैजवळच्या पाजपंढरीची माझी एक मैत्रीण आहे, मासळीच्या घरातली. तिने एका वर्षी डबा परत दिला तो काठोकाठ सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, भरून. सोडे! आजकाल सोड्यांचा भाव काय आहे ते ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल ती माझ्यावर किती जीव लावते. आम्ही ते पुरवून पुरवून खाल्ले, डबा मी सोड्याच्या पाण्यात भिजवला (हा खायचा सोडा, तो सोडा नव्हे), लिंबू चोळलं, चार दिवस उन्हात ठेवला, आत कोळसा ठेवला, नाक घालून घालून बघितलं. काही वास नाही. दिवाळीत त्यात नानकटाई भरली आणि डोंबिवलीला रवाना केली. दोन दिवसांनी वन्संचा फोन. आधी इकडचं तिकडचं बोलल्या, आईंची तब्येत विचारली, आणि मग हळूच, "अगं यंदा नानकटाईत काय वेगळं घातलंयस का?" तूप म्हणजे वास धरून ठेवणारी वस्तू, आणि पत्र्याच्या सांध्यात कुठेतरी तो वास बसलेला होता तो सगळा तुपाने ओढून घेतला. त्यांच्या नातवाने मात्र आवडीने खाल्ली म्हणे. तेव्हापासून त्या डब्याच्या बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका आहे आणि तो फक्त पाजपंढरी ते आमचं घर एवढाच फिरतो.

केक पण करते मी. पण क्रीमचा नाही. ज्याला करायचा त्याने करावा, मला आमच्या हवेत ते क्रीम फेटत बसायचं आणि मग घाटातल्या वळणांवर खोका मांडीवर धरून बसायचं, नको वाटतं. साधा रव्याचा आंब्याचा केक मे महिन्यात आटवलेल्या रसाचा करते. बाकी वर्षभर नारळाचा. लाईटचा भरवसा नाही म्हणून कढईत मीठ घालून, त्यावर जाळी ठेवून गॅसवर करायची तयारी कायम असते. २०२० च्या जूनमधे निसर्ग वादळ झालं तेव्हा कित्येक दिवस लाईट नव्हती, मुलीचा वाढदिवस त्यातच आला, तो केक असाच कढईत केला, खालून जरा करपला, तेवढा काढून टाकला.

पण खरं सांगू का, ओव्हन येण्याच्या कितीतरी आधी आमच्या घरात बेकिंग होतच होतं, फक्त त्याला तसं म्हणत नव्हते. राजापूरला आजी धोंडस करायची. गणपतीनंतर तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, पिकून मोठी, पिवळट झाली की नारळाच्या दोरीने बांधून वाशाला टांगलेली असायची, त्यातलं एक उतरवायचं. तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजायचा, तवसाचा कीस पाण्यासकट, गूळ, ओलं खोबरं, वेलची, मीठ, सगळं एकत्र शिजवून घट्ट झालं की केळीचं पान लावलेल्या टोपात थापायचं. खाली मंद निखारे, वर पत्र्याचं झाकण आणि झाकणावर पण निखारे. वर विस्तव, खाली विस्तव. ओटीजीच्या दोन कॉइल दुसरं काय करतात? आजी टायमर लावत नव्हती, वास बदलला की झाकण काढायची आणि कडा तांबूस होऊन टोपापासून सुटलेल्या असायच्या.

मी आता ओव्हनमधे करते, १८० वर पाऊण तास, शेवटी दहा मिनिटं फक्त वरची कॉइल. एक वाटी रव्याला दोन वाट्या कीस, वाटीभर गूळ. चव बरीचशी जमते, धुराचा वास नाही जमत.

आजी तवसं कापलं की देठाकडची एक चकती स्वतः चावून बघायची, मग आम्हा पोरांना एकेक द्यायची. मला वाटायचं आम्हाला खाऊ देतेय. आणि मग सासरी पहिल्यांदा धोंडस केलं, नवी नवी होते, जरा जास्तच उत्साहात, दोन तवशी किसली, किलोभर गूळ, चांगलं तूप, घरात पाहुणे बसलेले. पहिला घास आईंनी घेतला आणि काही बोलल्या नाहीत, फक्त पाणी मागितलं. एक तवसं कडू होतं. तो कडूपणा शिजवून जात नाही, गूळ घालून जात नाही, काहीच करून जात नाही. अख्खा टोप गायीपुढे ठेवला, तिने पण दोनदा हुंगला.

सगळे म्हणतात विकायला काढ, दिवाळीत ऑर्डरी मिळतील. विकायचं म्हटलं की एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याचं, रजिस्ट्रेशन आलं, ते एक वेळ करता येईल, पण मग वजनावर आणि भावावर बोलणं आलं, आणि मुख्य म्हणजे विकलेला डबा परत येत नाही. मला त्या परत येणाऱ्या डब्यांची सवय झालीय.

तर परवापासून नानकटाई सुरू. खेडहून तुतारी एक्स्प्रेसने शेजारचा मुलगा मुंबईला निघालाय शुक्रवारी, त्याच्याबरोबर दोन डबे जातील, त्याला सांगून ठेवलंय की आडवे धरायचे नाहीत आणि वाटेत उघडायचे नाहीत. दुसरं तो ऐकेल असं वाटत नाही म्हणून त्याच्यासाठी वेगळी पुडी बांधणार आहे.

धोंडस भाऊबीजेला, भावासाठी. वाशाला आता एकच तवसं राहिलंय. आज सकाळी आईंनी ते उतरवून घेतलं, देठाकडची चकती कापली, अर्धी स्वतः खाल्ली आणि अर्धी काही न बोलता माझ्या हातावर ठेवली. गोड आहे.