चार ब्रास रेती

मी सिव्हिलचा डिप्लोमावाला. मोऱ्या, अंगणवाड्या, स्मशानशेड असली कामं करणारा. आलापल्लीच्या पुढे जंगलात हत्तीकॅम्पची शेड वाढवायचं काम मिळालं, तेव्हा पहिला हिशेब केला तो वजनाचा. हत्तीण तीन टनांची. मग खाली दगडांचं सोलिंग, त्यावर सहा इंच आरसीसी, मूत वाहून जायला उतार, वर गुळगुळीत फिनिशिंग. दाराच्या उंचीपाशी मात्र अडलो. म्हाताऱ्या माहूतमामांनी माझा टेप घेतला आणि चिखलातल्या पुढच्या पायाच्या ठशाभोवती फिरवला. चार फूट भरले.

"दुप्पट करा सायेब, तेवढी उंची."

नंतर खांद्यापर्यंत मोजलं, तर जेमतेम दोन बोटांचा फरक!

संध्याकाळी हत्तींच्या पायात लांब साखळी अडकवून त्यांना जंगलात सोडतात. सकाळी त्या साखळीच्या फरफटीवरून माग काढत माहूत आणि चाराकटर निघतात. त्या दिवशी मीही हौसेनं गेलो. माग नाल्याकडे गेला, बांबूत शिरला, तिथं अर्धं बेट मोडलेलं दिसलं, आणि पुढे वळून थेट कॅम्पातच परत आला.

नव्या शेडच्या मागे माझी चार ब्रास रेती पडली होती. रेतीघाटांचे लिलाव रखडलेले, म्हणून लांबून, रॉयल्टी भरून आणलेली. त्या ढिगावर हत्तीण आडवी. चक्क घोरत होती.

"अहो, माझी रेती!"

"हळू बोला ना जी," मामा कुजबुजले. "तुमच्या फरशीवर थे उभीच राहते, लेटत नाही. म्हातारी हाय, कूस दुखते तिची. ढिगाले टेकून लेटलं का उठालेबी सोपं जाते."

आम्ही बांधावर बसून राहिलो. अर्ध्या तासानं ती उठली, सोंडेनं रेती पाठीवर उधळली आणि चालती झाली. ढिगात तिच्या कुशीचा खड्डा होता, एखादी बैलगाडी मावेल एवढा.

प्राणिसंग्रहालयांतले हत्ती कॅम्पांत, अभयारण्यांत हलवा, असं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं २००९ मध्येच सांगितलं होतं. आणि इथं मी जंगलात प्राणिसंग्रहालयाचीच टणक फरशी घालून बसलो होतो. दर जानेवारीत कढवलेल्या जडीबुटीचा लेप लावून कॅम्पातल्या हत्तींचे तळपाय चोपतात, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी डोक्यात फक्त टनच.

निम्मी फरशी ब्रेकर लावून फोडली. पाणी आणि चोपिंगपुरती निम्मी ठेवली. फोडलेल्या भागात दोन फूट रेती, कोपऱ्यात उतरता ढीग.

बिलाच्या वेळी आमचा पोरगा एमबी, म्हणजे मोजमापांची वही, उघडून बसला. "सर, एवढी रेती कुठल्या आयटममध्ये दाखवू?"

पाइपाखाली रेती अंथरतात, त्याचा आयटम दरसूचीत असतोच. मी म्हटलं, "सँड बेडिंग लिही."